लसीकरण सत्रातली रडारड कमी करायला काय घेऊ? (बजेट ३०० रु.)

नवी_एएनएम: उपकेंद्रावर नर्स (एएनएम) म्हणून येऊन तीनच महिने झालेत. अंगणवाडीत पहिलं लेकरू रडलं की बाहेरची अख्खी रांग गळा काढते. दीड महिन्याच्या बाळाला एका दिवशी तीन सुया : डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकच लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची), उजव्या दंडावर एफआयपीव्ही (पोलिओची). माझाच हात थरथरतो. टोचायची काही युक्ती सांगा, आणि ३०० रुपयांत एखादी वस्तू. पैसे माझ्याच खिशातले आहेत.

दोन_पिल्लांची_आई: आम्ही खासगीत जातो. तिथे दुखू नये म्हणून थरथरणारी मधमाशी (तशा आकाराचं छोटं यंत्र) दंडाला लावतात. बाहेरून मागवलीय, काही हजारांची. घ्याच.

फार्मसीवाला_भाऊ: बधिर करायचं मलम लावा. आमच्याकडे आहे.

निवृत्त_सिस्टर: अहो भाऊ, ते तासभर आधी लावायचं असतं. तोवर रांग थांबणार का? पोरी, तू ऐक. बाळ आईच्या मांडीवरच असू दे, टेबलावर दाबून धरू नको. तोंडातून द्यायच्या लसींचे थेंब आधी पाजून घे. मग मांडीच्या मधल्या भागात, पुढून जरा बाहेरच्या अंगाला, सुई सरळ ९० अंशांत, झटकन आत, तशीच सरळ बाहेर. नंतर चोळायचं नाही, बोळा नुसता धरायचा. ३१ वर्षं टोचलंय मी, एक गळू नाही झालं.

जुना_कंपाउंडर: दट्ट्या मागे ओढून रक्त बघायचं राहिलं की!

निवृत्त_सिस्टर: लसीला नाही ओढत. तिथे मोठी रक्तवाहिनी नसते, उगाच सुई जास्त वेळ आत राहते नि दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ मध्ये हेच सांगितलंय.

जुना_कंपाउंडर: आम्ही ओढायचो. कुणी मेलं नाही. कुपीत आधी हवा सोडायची, हेही हल्ली कुणी शिकवत नाही.

नवी_एएनएम: काका, ती हवा भरायच्या नादात पहिल्याच दिवशी माझ्या दोन एडी सिरिंज (दट्ट्या एकदाच मागे-पुढे होतो अशा) लॉक झाल्या!

घाटावरचा: आमच्या काकांना कुल्ल्यात इंजेक्शन दिलं, नस दुखावली. पाऊल अजून घासत चालतात. लस तरी तिथे देऊ नका.

मास्तर_७२: दंडातही फार वर नको. मला धनुर्वाताचं पार खांद्यात टोचलं, दोन महिने फळ्यावर लिहिता येईना. खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली घ्या.

आशा_ताई: बाळ अंगावर पीत असतानाच टोचा. लवकर गप्प होतं. फुकट आहे.

दोन_पिल्लांची_आई: ठसका लागला तर? मधमाशीच बरी.

आशा_ताई: माझ्यासमोर तरी एकालाही लागला नाही.

निवृत्त_सिस्टर: मी तेच म्हणत होते, बाळ आईजवळ हवं. आणि खेळणी-बिळणी काही घेऊ नको, हात सुधार.

नवी_एएनएम: सगळ्यांचे आभार. तान्ह्यांना आता पाजतानाच टोचते. पाच वर्षांच्या डीपीटीवाल्यांसाठी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) मात्र साबणाच्या फुग्यांची बाटली आणलीय, २० रुपये. पोरगं फुंकर मारतं तेवढ्यात माझं काम होतं. काल एकानं परत रांगेत नंबर लावला.

निवृत्त_सिस्टर: फुगे? कार्डं ओली होतील सगळी.

जुना_कंपाउंडर: पण ओढायला हवं होतं.