‘मंदीत घर कसं चालवावं’ ही यादी वाचून लिहायला बसले

पूर्व भागातली सून
परवा इथे एकांनी मंदीत घर चालवायची यादी टाकली. दूध अर्धा लिटर कमी करा, कामवाली बंद करा, बाहेरचं खाणं बंद, चपातीऐवजी भाकरी खा, गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलात तरी पोरांना पाळण्यात बसवू नका, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवा. खाली सगळे ‘छान, उपयुक्त’ म्हणून गेले. मला रात्रभर ती यादी डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

नवरा इथे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. सासूबाई विडी वळतात, मी शिलाई करते. दोन पोरं, थोरली दहावीला. २०२५च्या २७ ऑगस्टला घरात गणपती बसले आणि त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. दिवाळीपर्यंत आठवड्याचे सहा दिवस चारवर आले. मजुरी मीटरवर, म्हणजे दोन दिवस माग बंद तर दोन दिवसांचे पैसे नाहीत.

आमच्याकडे कात्री कुठे लागली ते सांगते. आधी तूरडाळ गेली, मसूर आली. मग तेल. मग शेंगाचटणीत शेंगा कमी आणि लसूण जास्त. माझा चष्मा राहिला. आणि एक दिवस कळलं की सासूबाई बीपीची गोळी दिवसाआड घेताहेत. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. ही कात्री कुठल्या यादीत नसते.

कात्री लागली नाही ती मायक्रोफायनान्सच्या हप्त्याला आणि पोरीच्या ट्यूशनला. कर्जाच्या गटाची माणसं दारात येऊन बसतात हो, गल्ली बघते.

आणि ज्या गोष्टीवर कुणी बोलतच नाही ती ही, की आमचा घोळ खर्चापेक्षा तारखेचा आहे. मजुरी शनिवारी, हप्ता ५ ला आणि १२ ला, भाडं १ ला. महिन्याची बेरीज केली तर कसंबसं जमतं. पण ५ तारीख बुधवारी आली की शनिवार लांब असतो. मग शेजारणीकडून हजार घ्यायचे, ते फेडायला पुढच्या शनिवारातले काढायचे. सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा म्हणता, आमचे सहा दिवसांचे राहत नाहीत.

सात रस्ता हिशेबी
यादी माझी आहे ताई. मी पगारदारांसाठी लिहिली होती, तसं वर लिहायला हवं होतं. पण तुम्ही समजता तसा मी हवेतून बोलत नाही.

नव्वदच्या दशकात वडिलांची मिल बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो. भोंगा बंद झाला आणि घरातलं घड्याळच बंद पडल्यासारखं झालं. आईने शंभर पानी वही केली. चार आण्याची कोथिंबीरसुद्धा त्यात. त्या वहीने आम्ही तीन भावंडं शिकलो. त्यामुळे ‘हिशेबाने काही होत नाही’ असं कुणी म्हणालं की मला लागतं.

२०२३-२४च्या सरकारी पाहणीत शहरातल्या माणसाच्या खर्चात खाण्याचा वाटा जवळपास ४० टक्के आला होता. म्हणजे बाकीच्या ६० टक्क्यांत बघायला जागा असते.

पूर्व भागातली सून
दादा, आमच्याकडे खाणं आणि हप्ता काढला की शंभरातले पंधरा उरतात, त्यात भाडं. सरासरी काढताना आमचं घर आणि तुमचं घर एकात मिसळतं. आणि हिशेबाने काही होत नाही असं मी कुठे लिहिलंय? माझीही वही आहे.

वहीवर किराणा
वही माझ्याकडेपण आहे, उधारीची! कोण काय कमी करतंय ते मला त्यांच्या नवऱ्याआधी कळतं. लिटरची पिशवी नेणारे आता दहा रुपयांचं सुटं तेल नेतात, आणि लिटरमागे जास्तच मोजतात. गरिबाला महाग पडतं ते असं. साबण-शाम्पूवरचा जीएसटी २०२५च्या २२ सप्टेंबरपासून १८चा ५ झाला, पण पाच रुपयांची पुडी पाचलाच राहिली, आत थोडं जास्त भरलं एवढंच. हातात पैसा वाचला का? नाही.

आणि ज्यांच्याकडे रोख आहे ते मॉलला जातात. मंदी आली की माझ्याकडे येतात, ‘अण्णा, लिहून ठेवा.’ अण्णाने कुठून आणायचं? माझा होलसेलवाला लिहून ठेवत नाही.

बारा मागवाला
इथे सगळे मालकाला शिव्या घालणार, म्हणून आधीच बोलतो. माझे बारा माग आहेत, त्यातले पाच चालू. माल तयार पडलाय. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क सरकारने २०२५च्या डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं ते चांगलंच, पण गिऱ्हाईकच नसेल तर स्वस्त सूत घेऊन मी काय करू? सोलापूरच्या चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे माल इथलाच असा सरकारी कागद, पण त्या कागदाने लाइटबिल भरत नाही.

कामगारांना दिवाळीला उचल दिली ती अजून वळती झालेली नाही. मी मागितली नाही. माझ्या बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत. हे कुणी लिहीत नाही.

पूर्व भागातली सून
शिव्या नाही घातल्या हो मी. पण उचल दिली की कामगार दुसरीकडे जाऊ शकत नाही हेही लिहा की मग.

बारा मागवाला
दुसरीकडे कुठे जाणार? सगळीकडे हेच आहे. तुम्ही मुद्दाम टोचून बोलता.

हुतात्म्याने ये-जा
का बे, इतकं रडण्यापेक्षा पुण्याला या की. मी २०१९ला आलो. सोलापुरात राहून कुणाचं काय झालंय?

पूर्व भागातली सून
तू आलास, तुझी आई इथेच आहे ना? तिचं किराणा कोण आणून देतं ते विचार.

हुतात्म्याने ये-जा
आईवर जायचं काम नाही.

मोहोळ शिवार
भांडणं बाजूला ठेवा, मला त्या यादीतल्या एका ओळीवर बोलायचंय. ‘चपातीऐवजी भाकरी खा, पैसे वाचतील’ हे कुणी लिहिलं? शेवटची ज्वारी कधी विकत घेतली होती? सरकारने २०२५ला जाहीर केलेले हमीभाव बघा, मालदांडी ज्वारी ३,७४९ रुपये क्विंटल, गहू २,५८५. भाकरी गरिबाची होती ती माझ्या आजोबाच्या काळात.

मालदांडीचं ३५-१ हे वाण आमच्या मोहोळच्या शेती संशोधन केंद्रावर निवडलेलं. तेच वाण आता मोहोळात चार एकर शोधावं लागतं, कारण सगळीकडे ऊस. ज्वारी मुळासकट उपटायची, बांधायची, कणसं खुडायची, मळायची. उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून पीक उभंच सोडावंसं वाटतं.

सात रस्ता हिशेबी
मी लिहिलं कारण घरात तसंच ऐकत आलो. पण तुम्ही सांगता तो हमीभाव आहे, बाजारात ज्वारी भाव पडूनही विकते.

मोहोळ शिवार
पडते ती शेतकऱ्याच्या दारात. तुमच्या पेठेत कधी पडलेली बघितली? सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, आमची तूर-उडीद गेली, रानात पंधरा दिवस पाय ठेवता येईना, पेरणी लांबली. फेब्रुवारी-मार्चला काय हाताला लागतं बघू. आणि तुम्ही शहरात बसून भाकरी खा म्हणता.

कडक भाकरी
ज्वारी महाग आहे हे खरं, पण दादा, ‘भाकरी खाऊ नका’ असं होऊ देऊ नका. माझं घर त्यावर आहे. आम्ही सहा बायका कडक भाकऱ्या करतो. गेल्या वर्षी दहाला देत होते, आता बाराला. पीठ वाढलं, तवा तापवायचा गॅस तोच, हात तोच. गिऱ्हाईक म्हणतं बारा जास्त झाले. मग मी भाकरी पातळ करू का लहान करू? दोन्ही केलं नाही, माझी मजुरी कमी केली.

यादीत ‘बाहेरचं खाणं बंद’ आहे ना, ते बाहेरचं म्हणजे मी. ‘कामवाली बंद’, ती माझी जाऊ. तिची दोन घरं सुटली. सात रस्त्याच्या बाजूचीच.

मोहोळ शिवार
अक्का, पातळ करू नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन मिळालं ते काय उगाच नाही. पण लोकांना रेशनचा गहू-तांदूळ माणशी पाच किलो फुकट मिळतो, तिथे ज्वारीला कोण विचारतो? सवयच मोडली.

पूर्व भागातली सून
फुकट मिळतो म्हणून चूल पेटते दादा, त्याला नावं ठेवू नका. आणि माझे लाडक्या बहिणीचे १,५०० ट्यूशनला जातात, हेही सांगून टाकते.

मोहोळ शिवार
नावं ठेवली नाहीत. ज्वारी का देत नाहीत एवढंच विचारतोय. ७२च्या दुष्काळात परदेशातली लाल मिलो ज्वारी खाल्ली या जिल्ह्याने, वडील सांगायचे घशाखाली उतरत नव्हती. तेव्हा आपली ज्वारी नव्हती म्हणून. आता आपणच पेरत नाही.

वहीवर किराणा
मूळ विषय मंदीचा होता. इतके प्रतिसाद ज्वारीवरच झाले.

कडक भाकरी
आमची मंदी ज्वारीचीच आहे अण्णा.

सात रस्ता हिशेबी
ताई, परत तुमच्या पहिल्या मुद्द्यावर येतो. फायनान्सचे हप्ते किती आहेत? रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम आहे, अशा घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुम्हाला एकावर एक कर्जं दिलीच कशी? सोनं असेल तर ते तारण ठेवून महागडं कर्ज फेडा. थोड्या ग्रॅमवरही बरंच मिळतं.

पूर्व भागातली सून
नियम मला माहीत नव्हता. फॉर्मवर आमची कमाई त्यांच्या माणसाने लिहिली होती, सासूबाईंची विडी धरून, आणि जास्तच लिहिली. मी सही केली. चूक माझीपण आहे.

सोनं लॉकडाऊनमध्ये गेलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या आहेत, त्या मी ठेवणार नाही. कुणी मला त्यावर शिकवू नका.

सात रस्ता हिशेबी
नाही शिकवत.

बारा मागवाला
तारखेचा मुद्दा मात्र खरा आहे. मला सूतवाल्याचं देणं १० ला आणि येणं २५ ला. बारा माग असून माझंही तेच होतं. ताईंचं म्हणणं मला पटलं असं नाही, पण हे पटलं.

पूर्व भागातली सून
मग उचलीऐवजी ५ तारखेच्या आठवड्यात मंगळवारी निम्मी मजुरी द्या. जास्त नको, झालेल्या कामाचीच. तेवढ्याने शेजारणीचे हजार घ्यावे लागत नाहीत.

बारा मागवाला
मंगळवारी माझ्याकडे नसतात. पण विचारतो. वचन देत नाही.

सात रस्ता हिशेबी
यादीतून भाकरीची ओळ काढली. कामवालीचीही काढली, बायकोनेच काढायला लावली. गड्ड्याच्या पाळण्याची ठेवतोय.

पूर्व भागातली सून
तीपण काढा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला होम मैदानावर जायचं आणि पोराला पाळण्याखाली उभं करून वर बघायला लावायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. त्याचे पैसे मी ऑक्टोबरपासून शिलाईच्या चिल्लरीतून वेगळे ठेवलेत. सासूबाईंची गोळी आता रोज चालू आहे, तीही त्याच डब्यातून.

सात रस्ता हिशेबी
बरं. काढतो.

कडक भाकरी
मोहोळचे दादा, तुमच्याकडे गेल्या सालची मालदांडी शिल्लक आहे का? दोन पोती हवीत. पैसे निम्मे आता, निम्मे गड्डा झाल्यावर.

मोहोळ शिवार
दीड पोतं आहे अक्का, किडका दाणा नाही. शनिवारी सोलापूरला येतोय, घेऊन येतो.