टर्बो नुकताच बदललेली जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

घाटवाट:
नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि आठवड्यातून दोनदा खंबाटकी घाटातून पुण्याला ये-जा करावी लागते, म्हणून २०१६ सालची १२४८ सीसीची एक डिझेल हॅचबॅक पाहून ठेवली आहे. इंजिन फियाटचे मल्टिजेट, जे आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आले. गाडी एकाच मालकाची असून मीटरवर ९६ हजार किलोमीटर दिसतात. आठ महिन्यांपूर्वी टर्बो नवा बसवला आहे, तेव्हा आता काही वर्षे खर्चच नाही, असे मालक सांगतात. नवा टर्बो जमेची बाजू धरावी की शंकेची, आणि इंजिन न उघडता आतले नुकसान कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पाना_दहा_अकरा:
जुना का गेला हे कळेपर्यंत शंकेची धरा. टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा; त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तगतो इंजिनाकडून दाबाने येणाऱ्या ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल वेळेवर बदलले नसेल, किंवा घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याची सवय असेल, तर ऑइल आतल्या आत जळते, त्याचा कार्बन नळीत धरतो आणि टर्बो उपाशी राहतो. पण क्रँकचे बेअरिंग आणि या इंजिनातली, झडपांची वेळ जुळवणारी टायमिंग चेनसुद्धा त्याच ऑइलवर जगतात. ती मात्र कोणी बदललेली नसतात.

म्हणून आधी बिल मागा. त्यात टर्बोसोबत ऑइलची नळी, नवे ऑइल, फिल्टर आणि टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची सफाई यांचा उल्लेख असेल, तर काम जाणत्या हाताचे आहे. नुसता टर्बो आणि मजुरी एवढेच असेल, तर मूळ दुखणे तसेच आहे असे समजा. जुन्या टर्बोच्या पंख्याची पाती तुटली होती का, हेही विचारा, कारण ते तुकडे पुढे इंजिनात गेले असण्याची शक्यता असते.

गाडी पाहायला सकाळी जा आणि ती आधी सुरू करून ठेवू नका, असे मालकांना आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा; कोमट लागले तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू होताना चेनची खडखड काही सेकंदांत थांबली नाही, तर चेन सैल झालेली असू शकते. नंतर पाचेक मिनिटे स्लोवर चालू ठेवून एकदम रेस द्या आणि मागे कोणाला तरी उभे करा. निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. काळा धूर आणि मंद पिकअप असेल तर हवेच्या नळ्यांत गळती असू शकते. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट तपासा. डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नका, डिझेलचे ऑइल बदलल्यावर लगेच काळे होते. त्यापेक्षा स्लोवर चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण सैल करून नुसते ठेवून पाहा. ते जोराने उडू लागले आणि आतून धुराचे भपके आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा दाट संशय घ्यावा.

कृष्णाकाठ:
वरील सल्ल्यात एक भर घालतो. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात २०१९ आणि २०२१च्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या पुढे लांबच्या गावी विकल्या गेल्या असतील. चालू इंजिनात पाणी शिरले की ते दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. तरीही गाडी कधीकधी चालू राहते, फक्त त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जाण्याचा जोर, पडते. माझ्या मेहुण्याने अशीच एक चकचकीत गाडी घेतली होती. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तेव्हा वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ निघाली, पण तोवर पैसे देऊन झाले होते. पट्टा आधी ओढा आणि कॉम्प्रेशन टेस्ट कराच. ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना तापणारी कांडी, काढून ती करतात. जुना प्लग काढताना तुटू शकतो, म्हणून मालकांची संमती आधीच घ्या.

घाटवाट:
दोघांचेही मनापासून आभार. बिलावर खरोखरच फक्त टर्बो आणि मजुरी आहे. पट्टे स्वच्छ निघाले, धूरही फारसा नव्हता, परंतु झाकण ठेवल्याबरोबर तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखे नाचू लागले. मालकांच्या संमतीने ओळखीच्या मिस्त्रींकडून टेस्ट करून घेतली, तर तीन सिलिंडरांत दाब २७ ते २८ बार आणि चौथ्यात फक्त २०. मालकांचे म्हणणे असे, की मिस्त्रींचा गेजच बिघडलेला आहे. तोच गेज मिस्त्रींनी त्यांच्यासमोर दुसऱ्या एका गाडीला लावून दाखवला. मी व्यवहार थांबवला आहे आणि सध्या एसटीने जातो आहे.