सामाईक घर भाड्याने द्यायचं, तर एलएलपी हवी की संमतीपत्र पुरे?

चिरेबंदी
सातबाऱ्यावर सात नावं, त्यातली दोन मयत, तिघे मुंबईत. कोकणातल्या बहुतेक वडिलोपार्जित घरांची हीच गत. असं घर भाड्याने द्यायचं म्हटलं की हल्ली कोणीतरी लगेच एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढायला सांगतो. मला हा सल्ला पटत नाही.

हिस्से ठरलेले असतील तर भाडं ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. वर्षाचे ४,८०,००० आले आणि हिस्सेदार चार, तर प्रत्येकी १,२०,०००. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे करपात्र रक्कम ८४,०००च्या आतच. एलएलपीला स्लॅब नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. घर तिच्या नावावर करायचं तर मुद्रांक शुल्क वेगळं.

त्यापेक्षा आधी वारस नोंद करा, मग हिस्से लिहिलेलं संमतीपत्र आणि एकाच्या नावाने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र. आणि घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

पाणंद
घर एलएलपीच्या नावावर करायला कोण सांगतंय? घर भावंडांचंच राहू दे, एलएलपीने फक्त ते चालवायचं.

तुमचा ३० टक्क्यांचा हिशोब नुसत्या भाड्याला लागू. रोजचे पाहुणे, नाश्ता, चादरी धुणं आलं की तो धंदा होतो, तिथे ती वजावट नाही. शिवाय चौघांनी मिळून धंदा केला तर करखातं तुम्हाला व्यक्तिसमूह, म्हणजे करासाठी एकच घटक, धरू शकतं. मग संमतीपत्र काय कामाचं?

खरं भांडण कराचं नसतंच. सकाळी सहाला टाकी भरणारा आणि डोंबिवलीत बसलेला, दोघांना सारखाच वाटा, हे दोन मोसमांच्या वर टिकत नाही. एलएलपीच्या करारात काम करणाऱ्या भागीदाराचा मेहनताना लिहिता येतो. नफ्याच्या पहिल्या सहा लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के, जे जास्त असेल तेवढा तो खर्चात धरता येतो. तुम्ही म्हणता तो एलएलपीचा ३० टक्के कर त्यानंतर उरेल त्यावर. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचं नाही. ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशोबाचं विवरण), एवढं सांभाळायचं.

चिरेबंदी
मेहनतान्याचा मुद्दा मान्य. पण एलएलपीला घर कोणत्या कागदाने देणार? भाडेपट्टा केलात आणि घर भाडे नियंत्रण कायद्याच्या हद्दीत असलं, तर एलएलपी संरक्षित भाडेकरू होऊन बसेल. उद्या तो भाऊ ऐकेनासा झाला तर बाकीच्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालायचे. द्यायचंच तर लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त वापराच्या परवानगीने द्या, मुदत घालून.

आणि घर किनाऱ्यालगत असेल तर अजून एक. २०१९ची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे करू देते, पण जोत्याचं क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. मागे दोन खोल्या वाढवल्यात की ती सवलत गेली. त्यात दारावर एलएलपीची पाटी लागली तर हे स्थानिकाचं राहतं घर आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार?

तिठा
एवढा खल कशाला? घर महिन्याच्या भाड्याने द्या. अकरा महिन्यांचा नोटरी करार पुरतो, नोंदणी लागत नाही. सगळे तेच करतात.

खाडीपल्याड
सगळे करतात म्हणूनच सगळे अडकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

खर्च तरी किती? रत्नागिरी शहरात लिव्ह अँड लायसन्सने घर दिलं, महिन्याचं भाडं ८,०००, अनामत ३०,०००, मुदत ३६ महिने असं धरा. भाडं २,८८,००० अधिक अनामतीवर १० टक्के दराने तीन वर्षांचं व्याज ९,०००. या २,९७,०००चा पाव टक्का म्हणजे ७४२ रुपये ५० पैसे मुद्रांक. नोंदणी शुल्क १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या अशा कराराची मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने पैसे मागता येतात.

पाणंद, एलएलपी काढली म्हणजे पाहुणा विहिरीत पडला तरी आपण सुटलो, असं मात्र समजू नका. भागीदाराच्या स्वतःच्या हलगर्जीची जबाबदारी त्याच्यावरच राहते. विहिरीला कठडा आणि जाळी बसवा, तिसऱ्या पक्षाचा विमा काढा. घराच्या विम्यात पाहुणे ठेवतो हे लेखी कळवलेलं असू द्या.

पाणंद
विम्याचं बरोबर. लिव्ह अँड लायसन्सचंही मान्य. पण कागद कोणताही करा, दोन गोष्टी त्यात घाला. पावसाआधीची शाकारणी आणि वाळवीचं औषध कोणाच्या खर्चाने, हे एक. दुसरं, गणपती बसतो ती खोली करारातून वगळा आणि शिमग्याला पालखी येते तेव्हा अंगण मोकळं ठेवण्याची अट लिहा.

चिरेबंदी
नुसती वगळू नका, नकाशावर लाल रेघ मारून तो नकाशा कराराला जोडा. आणि त्या खोलीला वेगळं दार आहे का, ते आधी बघा.