एका ‘कित्याक’वरून: कारण आणि कारणी

माडाखाली (वेंगुर्ल्याजवळून)

शब्द रोजच्या वापरातला आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) आमच्याकडे मत्तयच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचलं गेलं. झावळ्या अर्थातच माडाच्या. वाचन लांबलचक असतं, त्यामुळे पुढच्या बाकावरची पोरं हातातल्या पात्यांचे क्रूस विणत बसतात, आणि एखादा वांड पिपाणी करतो. क्रुसावरून येशू ओरडतो ते वाक्य आलं: ‘एली, एली, लमा सबख्थनी?’ आणि लगेच मराठीत, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ शेजारी बसलेली आजी ओठातल्या ओठात पुटपुटली, ‘कित्याक सोडलंस माका?’

आजीला वाचता येत नाही. कानावर पडलेलं प्रमाण मराठी ती तिथल्या तिथे मालवणी करून घेते, आणि तिचा तर्जुमा पुष्कळदा मुळापेक्षा बरा असतो. पण यावेळी मला वाटलं, हिने अर्थच बदलला. ‘का’ मागे बघतं. कोणामुळे, कशामुळे, माझं काय चुकलं. ‘कित्याक’मधला ‘क’ म्हणजे आपला ‘ला’. कित्याक म्हणजे सरळ ‘कशाला’. पुढे काय करायचंय याने?

घरी येऊन शोधलं तर उडालेच. ‘लमा’ हा हिब्रू शब्द मुळात दोन तुकड्यांचा आहे: ‘ल’ म्हणजे ‘-ला, -साठी’ आणि ‘मा’ म्हणजे ‘काय’. कायला. कशाला. कित्याक! मार्कने हेच वाक्य ग्रीकमध्ये सांगताना ‘एइस ती’ लिहिलंय, तेही ‘कशाकरिता’. मत्तयचा ग्रीक शब्द ‘हिनाती’, त्यातला ‘हिना’ म्हणजे ‘यासाठी की’. म्हणजे आजी मुळाच्या जवळ आणि छापील मराठी लांब?

हा शब्द मी तिच्या तोंडून आधीही असाच ऐकला होता. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर. काकाची होडी वर ओढून दोन माडांना बांधलेली होती, तरी गेली. सकाळी पुळणीवर गेलो तर सापडली फक्त उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड), एका पडलेल्या माडाच्या मुळात तिरकी अडकलेली, काथ्याची गाठ अजून तशीच घट्ट. काका काही बोलला नाही. आजीने ती गाठ दोन बोटांनी चाचपून बघितली आणि म्हणाली, ‘कित्याक रे देवा?’ रडत नव्हती. दुकानदाराने चुकीचं सामान दिल्यावर विचारावं तसं विचारत होती. (पुढे जूनमध्ये ती उलांडी परसात पडवळीच्या मांडवाला आडवी लागली. अजून आहे.)

तर प्रश्न दोन. हा ‘कित्याक’ प्रमाण मराठीत कसा आणायचा? ‘कशासाठी’ फार गुळगुळीत वाटतं, आणि ‘प्रयोजन काय’ म्हटलं की सरकारी परिपत्रक सुरू होतं. दुसरा, दुःखातून काहीतरी निघावं असं जे आम्ही ख्रिस्ती लोक सारखं बोलतो, त्याला अस्सल मराठी शब्द कोणता?


जुना पाटीवाला (रत्नागिरी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या परसातच आहे, ताई. उलांडी कारणी लागली.

मराठीतला ‘कारण’ हा शब्द दुतोंडी आहे. शाळेत आपण ‘कारणे द्या’ लिहितो तेव्हा तो मागे बघतो. पण जुन्या मराठीत ‘-कारणें’ हा शब्द ‘-साठी’ या अर्थाने नामाला लागतो: तुजकारणें, धर्माकारणें. तिथे तो पुढे बघतो. आज तो प्रत्ययासारखा वापर गेला, पण वाक्प्रचार राहिले. पैसा सत्कारणी लागला, देह कारणी लावला. या रचनेत ‘कारणी’ सप्तमीत आहे. वस्तू कामाच्या जागी जाऊन बसते. कोणीतरी ती उचलून तिथे ठेवावी लागते, आपोआप जात नाही.

म्हणून मी ‘दुःखाचं कारण’ आणि ‘दुःख कारणी लागणं’ असा फरक करीन. एकाच शब्दात दोन्ही प्रश्न बसवणाऱ्या भाषा फार नसाव्यात, असं म्हणणार होतो. पण तुमच्या हिब्रूने माझं नाक कापलं.

जाता जाता: कोकणीचं पहिलं छापील व्याकरण १६४० साली गोव्यातल्या राशोलला निघालं. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, मूळचा इंग्रज, जेझुइट संघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आलेला. व्याकरण छापलं गेलं तेव्हा त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याच माणसाने येशूची कथा सांगायला मात्र मराठी ओवी निवडली, सुमारे अकरा हजार ओव्या, पहिली छपाई १६१६, तीही राशोललाच. म्हणजे कोकणीचा ‘-क’ आणि मराठीचा ‘-ला’ तेव्हापासून एकाच टेबलावर आहेत. आपण आज नवीन काही घोळ घालत नाही.


खाडीपलीकडचा (वसई)

माझा वेगळा मुद्दा. ‘कारण’पेक्षा आमच्या बाजूला खरी गडबड ‘भोग’ आणि ‘क्रूस’ या दोघांची होते.

आमच्याकडे गल्लीच्या तोंडाला खुरीस असतो. हा ‘खुरीस’ आणि पुस्तकातला ‘क्रूस’ दोन्ही पोर्तुगीज ‘क्रुझ’ची पोरं, एक रस्त्यावर वाढलं आणि एक शाळेत गेलं. प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलात मात्र ‘वधस्तंभ’ आहे. अर्थाने नेमका, कारण ती वस्तू माणूस मारायचीच होती, दागिना नव्हता. पण त्याचा वाक्प्रचार होऊ शकला नाही. ‘सासू म्हणजे माझा वधस्तंभ’ असं कोणी म्हणेल का? ‘क्रूस’ म्हणतात. सासू, गुडघे, पाण्याचा टँकर, सगळ्यांना म्हणतात.

आणि तिथे तो ‘भोग’ होऊन बसतो. भोग म्हणजे वाट्याला आलेलं, संपेपर्यंत भोगायचं. (देवाला दाखवतात तोही भोग, सुखाचाही भोग. एकाच ‘भुज्’ धातूचं हे सगळं, हा तर वेगळा धागाच होईल.) क्रुसाचं क्रियापद वेगळं आहे. तो भोगत नाहीत, उचलतात. लूकने तर ‘दररोज’ असा शब्द घातलाय: स्वतःचा क्रूस दररोज उचलून माझ्यामागे या. रोज उचलायचा म्हणजे रोज खाली ठेवायची सोय आहे, असं आमचे एक म्हातारे कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) मिश्कीलपणे सांगायचे.

थोडक्यात, भोग पाठीवर पडतो आणि क्रूस खांद्यावर घेतला जातो.


घाटावरची (सातारा)

मध्येच तोंड घालते. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलंय. मी शेतकऱ्याची मुलगी. किती वर्षं मी ते ‘आशा जीव नांगरते’ असंच समजत होते, आणि खरं सांगते, मला ते पटतही होतं. लग्न होऊन मालवणात गेले तेव्हा दिरांनी होडीतून लोखंडी नांगर पाण्यात टाकला आणि म्हणाले, ‘आता हलूची नाय.’ तेव्हा डोक्यात लख्ख झालं! बंदरावरचा आणि बांधावरचा नांगर शब्दाने एक, कामाने उलट. एक जमीन हलवतो, दुसरा हलू देत नाही. रोममधल्या जुन्या ख्रिस्ती कबरींवर नांगर कोरलेले आहेत ते बंदरावरचे.

रोमकरांस पत्रात जो ‘धीर’ आहे (संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा) त्याचा ग्रीक शब्द ‘हिपोमोने’ म्हणजे ‘खाली राहणं’, ओझ्याखालून न सटकणं. मला तो होडीचा नांगरच वाटतो. बाकी चालू द्या.


उलटतपासणी

रसभंग करतो, क्षमस्व. शब्दाची फोड म्हणजे अर्थ नव्हे. रोजच्या हिब्रूत ‘लमा’ साध्या ‘का’सारखाही वापरला जातो. शुद्ध कारण विचारायला ‘मद्दूआ’ हा शब्द आहे हे खरं, पण दोघांत कुंपण घातलेलं नाही. स्तोत्र २२, जे येशू क्रुसावर म्हणतोय, त्यातला ‘लमा’ तक्रारीचा आहे. तिथे कोणी उद्देश विचारत नाहीये.

आणि हे समजायला हिब्रूत जायला नको. आपल्या ‘कशाला’कडे बघा. ‘का आलास?’ ही चौकशी आहे. ‘कशासाठी आलास?’ म्हटलं तर काम विचारलं. ‘कशाला आलास?’ म्हटलं तर निघ. ‘कशाला रडतोस’मध्ये रडण्याचा हेतू कोण विचारतं? पाहुण्याने पेढे पुढे केले की आपण ‘अहो कशाला, कशाला’ करतो आणि दोन उचलतो. चतुर्थी आहे म्हणून उद्देश आहे, हे व्याकरणाचं भाबडेपण झालं.

आजींचा ‘कित्याक’ मला ऐकायला मिळालेला नाही. पण दुकानदाराला चुकीच्या सामानाबद्दल विचारल्यासारखा होता असं तुम्हीच लिहिलंय. ती तक्रार आहे, ताई. तत्त्वज्ञान नाही.


नाव नको

वरच्यांशी सहमत, आणि थोडं रागाने.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात अठ्ठावीस दिवस. घरी आल्यावर जे आले ते सगळे हेच घेऊन आले, ‘देवाची काहीतरी योजना असेल’. ‘योजना’ हा शब्द मला अजून सहन होत नाही. धरणाची योजना, घरकुल योजना, आणि ही. एका बाईंनी तर केळीच्या पानात बांधून आणलेली सांदणं माझ्या हातात देता देता सांगितलं की यातून तुझी श्रद्धा वाढेल. सांदणं चांगली होती. बाई निघून जाईपर्यंत मी ती हातातच धरून उभी होते.

त्या काळात बायबलातला ईयोब वाचला, सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग तोंड उघडतात आणि कारणं द्यायला लागतात. शेवटी देव रागावतो तो या कारणं देणाऱ्यांवर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. आणि ईयोबाला ‘का’चं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही.

त्याचाही आक्रोश ‘लमा’च आहे, तिसऱ्या अध्यायात, मी जन्मतःच का मेलो नाही. आता इथे सगळे त्याला ‘कशाला’ म्हणतायत. म्हणा. फक्त त्याचं उत्तर दुसऱ्या कोणी आणून देऊ नका.


खाडीपलीकडचा (वसई)

ताई, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

मी वर जे ‘भोग पाठीवर पडतो, क्रूस खांद्यावर घेतला जातो’ असं टाळीचं वाक्य टाकलं होतं, ते मागे घेतो. शुभवर्तमानातच त्याला छेद देणारा माणूस आहे. कुरेनेकर शिमोन. गावाकडून येत होता, त्या भानगडीशी त्याचा संबंध नव्हता. शिपायांनी त्याला धरून क्रूस वाहायला लावला. मराठीत तिथे ‘वेठीस धरले’ असा शब्द आहे आणि तो चपखल आहे, कारण ग्रीक क्रियापदही सरकारी वेठीचंच आहे, इराणी डाकव्यवस्थेतून आलेलं. म्हणजे येशूनंतर क्रूस उचलणारा दुसरा माणूस वेठबिगार होता. त्याने निवड केली नव्हती, त्याला कोणी उद्देशही सांगितला नव्हता.

मार्क त्याच्याबद्दल अजून एवढंच सांगतो की तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. वाचणाऱ्यांना ती पोरं माहीत असावीत, नाहीतर नावं कशाला दिली असती? वेठीचं पुढे त्या घरात काय झालं ते मार्क लिहीत नाही.


जुना पाटीवाला (रत्नागिरी)

‘कारणी लागणं’ या माझ्या शब्दाची एक अट राहिली होती, ती आता घालतो. हा वाक्प्रचार स्वतःच्या बाबतीत किंवा झाल्या गोष्टीबद्दल चालतो: माझे कष्ट कारणी लागले. ‘तुझं दुःख कारणी लागेल’ असं कोणी कोणाला म्हणत नाही. म्हणून बघा मोठ्याने, जीभ अडते. भाषेला ते आधीच कळलेलं दिसतं. ‘योजना’ला असा अटकाव नाही, तिथेच घोटाळा.

योहानाच्या नवव्या अध्यायातही शिष्य जन्मांध माणसाकडे बघून कोणाचं पाप, त्याचं की आईबापांचं, हे विचारत उभे राहतात. येशू दोन्ही नाकारतो, ‘यासाठी की’ (तोच ‘हिना’) असं एक वाक्य बोलतो, आणि लगेच थुंकीने चिखल कालवायला घेतो. वाक्य एक, बाकी हाताचं काम.


घाटावरची (सातारा)

आणि ‘कशाला’चं काय ठरलं? मला वाटतं प्रमाण मराठीत ‘कशाला सोडलंस मला?’ हेच चांगलं. उलटतपासणीवाल्या दादांनी त्यात तक्रार आहे म्हणून खोडलं, पण स्तोत्रात तक्रारच आहे ना? मग तोच शब्द हवा.


उलटतपासणी

मान्य. माझाच दाखला माझ्यावर उलटला.


माडाखाली (वेंगुर्ल्याजवळून)

सगळ्यांना धन्यवाद. नाव नको ताई, तुमचं वाचून मी आजीला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज संध्याकाळी ती परसात पडवळीचे वेल सारखे करत होती, उलांडीवर एक हात ठेवून, आणि मला राहवलं नाही. विचारलं, ‘आजी, तू देवाक कित्याक म्हणतंस, ता म्हणजे असा का झाला, की ह्याचा काय करूचा?’

तिने वेल सोडला नाही. म्हणाली, ‘तुका ता कित्याक व्हया?’