इसब पुन्हा पुन्हा उसळतोय, कारण सापडत नाही. मदत हवी आहे

काजवा:
चार महिने झाले. मलम लावलं की आठवड्यात बरं, सोडलं की पुन्हा तेच. खाजेने रात्रीची झोप उडाली आहे. काय खाल्लं, काय लावलं, रोज वहीत लिहितेय, पण काहीच जुळत नाही. कशाने उसळतो हे शोधायचं कसं? कृपया नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' म्हणू नका, दोनदा दाखवलंय.

पाऊलवाट:
कुठे आहे? तुम्हाला की मुलाला? मलम कसलं?

उंबरठा:
दूध आणि अंडी बंद करा. माझ्या भाचीचा महिन्याभरात गेला.

निळीशाई:
@उंबरठा, तपासणी न करता लहान मुलांचं दूध-अंडी तोडू नये, पोषणाची आबाळ होते. मोठ्यांमध्ये तर खाण्याचं कारण क्वचितच निघतं.

उंबरठा:
भाचीचा गेला तो गेलाच ना? अनुभव सांगायचा नाही का?

काजवा:
मलाच आहे, वय 41. दोन्ही हातांवर, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली. मूठ वळली की भेगा उलतात, रक्त येतं. मलम स्टेरॉइडचं. वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांचं सगळं मीच करते, त्यामुळे दिवसातून तीसेक वेळा साबणाने हात धुणं होतं. ते काही टाळता येणार नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

रानफूल:
माझ्या टाळूवर खवले येतात. त्याला कोणता शांपू चांगला?

निळीशाई:
काजवाताई, सगळ्यात महत्त्वाचं तेच राहिलं होतं! मी नर्स आहे, माझे हात असेच गेले होते. साबण त्वचेचं तेल काढून घेतो आणि अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून राहतं. अंगठी आजच काढा. कोमट पाणी, बिनवासाचं सौम्य क्लीन्झर. हात चोळू नका, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखं जाड काहीतरी लावा. हे प्रत्येक धुण्यानंतर, दिवसातून दोनदा नव्हे. ओल्या कामाला हातमोजे, आत पातळ सुती मोजे.

पाऊलवाट:
मला हातमोज्यांनीच झालं होतं! रबरातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी निघाली, आता विनाइलचे वापरतो. ताई, पॅच टेस्ट करून घ्या. ज्यांची अ‍ॅलर्जी असू शकते अशा पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावतात, 48 तासांनी काढतात, दोन दिवसांनी पुन्हा बघतात. अशी अ‍ॅलर्जी दिसायलाच एक-दोन दिवस लागतात. तुम्ही वहीत त्याच दिवसाचं शोधत असाल, मागचे दोन-तीन दिवसही बघा.

निळीशाई:
टेस्टची घाई नको. आधी साबण बदलून पाहू दे.

पाऊलवाट:
चार महिने काढलेत त्यांनी, अजून किती थांबायचं? दोन्ही एकदम करता येतं.

रानफूल:
शांपूचं कोणी सांगेल का?

काजवा:
अंगठी तेल लावून काढली. आतल्या बाजूला साबणाचा पांढरा थर होता, आणि तिच्याखालचीच कातडी सगळ्यात जास्त सोललेली. वही मागे चाळली. दोनदा उसळला, त्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या चादरी हाताने धुतल्या होत्या. पॅच टेस्टची वेळ घेते. तोपर्यंत मलम चालू ठेवू का?

निळीशाई:
मलम पाठीवर लावू नका, टेस्ट तिथेच होते. हातांवर लावायचं का, ते वेळ घेतानाच विचारा आणि कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. आणि चादरी धुवायला दुसरं कोणी आहे का घरात?