'अर्धा इंची' म्हणजे नेमका कुठला अर्धा इंच?

शब्दवेडी:
एका देखभाल-पुस्तिकेचं मराठी करतेय. नळ्या, पाइप आणि त्यांच्या जोडण्यांचं प्रकरण आलं आणि गाडी अडली. मूळ मजकुरात पाइपही अर्धा इंची, रबरी नळीही अर्धा इंची आणि तांब्याची ट्यूबही अर्धा इंचीच. खात्री करायला व्हर्नियर घेऊन बसले. पाइप बाहेरून 21.3 मिमी भरला, आतून 16 ला किंचित कमी. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. मग हा अर्धा इंच आहे कुठे? दुसरं, 'कपलिंग'ला मराठीत काय म्हणू? एकांनी 'युग्मक' सुचवलंय.

पुस्तकी किडा:
युग्मक अजिबात नको! जीवशास्त्रात शुक्रपेशी आणि अंडपेशीला युग्मक म्हणतात. पाइपांचा संसार थाटायचा नाहीये आपल्याला. 'सांधा' आणि 'जोड' हे शब्द चांगले आहेत, पण वेल्डिंग केलेला तोही सांधाच. जे सोडवता येतं आणि पुन्हा लावता येतं, ते कपलिंग. 'ते कपलिंग' असं नपुंसकलिंगी ठेवा, खटकणार नाही.

पान्हेवाला:
ताई, अर्धा इंच त्या पाइपात कुठेच नाही. पूर्वी लोखंडी पाइपाची भिंत जाड असायची, तेव्हा आतलं भोक जवळपास अर्धा इंच होतं. पुढे धातू सुधारला, भिंत पातळ झाली. पण बाहेरचा व्यास बदलला असता तर आधीचे सगळे आटे आणि फिटिंग वाया गेले असते. म्हणून बाहेरचं माप तसंच राहिलं, आतलं भोक मोठं झालं आणि नाव मात्र जुनंच चालू राहिलं. तीच गत एक इंचीची (बाहेरून 33.4 मिमी) आणि दोन इंचीची (60.3). गंमत म्हणजे 14 इंचीपासून पुढे बाहेरचा व्यास खरोखर नावाइतका असतो.
नळीचं तसं नाही, तिथे आतला व्यास मोजायचा. अर्धा इंची नळी आतून 12.7 च्या आसपास, बाहेरून कितीही, कारण तारेच्या जाळीचे थर किती त्यावर जाडी ठरते. ट्यूब उलटी: तिचा बाहेरचा व्यास 12.7. एक नाव, तीन जागा.

शब्दवेडी:
म्हणजे बुटाच्या नंबरासारखं झालं की! आठ नंबरच्या बुटात आठ काय असतं ते कोणी विचारत नाही.

पान्हेवाला:
आठाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत. चार सुती म्हणजे अर्धा, सहा सुती म्हणजे पाऊण, आठ सूत म्हणजे पूर्ण इंच. पण हायड्रॉलिक नळीवर जो आडव्या रेघेपुढचा आकडा असतो तो सोळाव्या भागाचा. तिथे आठ म्हणजे अर्धा इंच! नवीन पोरानं 'आठची नळी' आणायला जावं आणि एक इंचीचं कपलिंग घेऊन यावं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो पोरगा मीच होतो.

पुस्तकी किडा:
आता व्याकरणाचं एक. 'दहा फुटी शिडी' म्हटलं की शिडी दहा फूट भरलीच पाहिजे. 'फुटी'तला ई-प्रत्यय मापाची हमी देतो. 'अर्धा इंची पाइप'मध्ये ती हमी नाही. आणि बोलताना ऐका: 'अर्धा इंची पाइपला निपल (जोडणीचा छोटा तुकडा) लाव' म्हणतात, 'अर्ध्या'चं सामान्यरूप होत नाही. भोक पाडायचं असेल तर मात्र तोच माणूस 'अर्ध्या इंचाचं भोक' म्हणतो. माझ्या मते जिथे शब्द गोठलाय तिथे ते नाव आहे, जिथे विभक्ती लागते तिथे ते माप. पुस्तिकेत हाच फरक पाळा. नावाला 'अर्धा इंची', मोजलेल्याला 'अर्ध्या इंचाचा' किंवा सरळ मिलिमीटर.

शब्दवेडी:
हे झकास! आट्यांनाही हाच नियम लावू?

पान्हेवाला:
आटे तर आणखी फसवे. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्याचा बाहेरचा व्यास 20.955 मिमी, म्हणजे परत नावच. त्यात एनपीटी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचे, वेगळे. बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, हा इंग्रज अभियंता व्हिटवर्थनं 1841 मध्ये मांडलेला, एनपीटीचा 60. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हीकडे इंचाला 14 आटे, त्यामुळे एकमेकांत दोनचार फेरे बिनबोभाट चढतात. मग अडकतात. माणूस वाटतं तेवढा जोर लावतो आणि ठिबकणारा सांधा तयार होतो. एक इंचीत 11 विरुद्ध साडेअकरा, तिथे लवकर कळतं.
मोजायचं असं: आटे ब्रशनं साफ करा, व्हर्नियरनं शेंड्यावर व्यास घ्या, चार आटे सोडून पुन्हा घ्या. फरक पडला तर निमुळते आटे, नाही तर सरळ. मग पिच गेज (आट्यांशी जुळवायची दातेरी पट्टी) आट्यात बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली की तो गेज आपला नव्हे. निमुळता आटा स्वतः सील करतो, त्याला टेफ्लॉनची टेप लागते. सरळ आटा फक्त धरून ठेवतो, सील करतो वॉशर किंवा ओ-रिंग. त्यावर टेफ्लॉन गुंडाळणारे भेटले की माझेच आटे ढिले होतात.

नवशिका:
'नर-मादी' शब्द वापरावेत का? आमच्याकडे कॅमलॉकवरून (कड्या दाबून झटपट बसणारं कपलिंग) रोज गोंधळ होतो.

पान्हेवाला:
होणारच. कॅमलॉकचा ए प्रकार घ्या: कडीवाल्या कपात शिरणारा भाग म्हणून तो नर, पण पाठीमागे आतले आटे म्हणून मादी. बी याच्या उलट. नळीवर चढणारे सी आणि ई. म्हणून 'आतले आटे', 'बाहेरचे आटे' असंच लिहा. आणि अग्निशमनाच्या नळीवरच्या स्टॉर्झ कपलिंगमध्ये दोन्ही अर्धे सारखेच! त्याचं माप दोन खुंट्यांमधल्या अंतरानं घेतात. 52 चं म्हणतात ते खुंट्यांमध्ये 66 मिमी भरतं.
माप जुळलं म्हणजे निवड झाली, असंही नाही हं. दाब जोडणीतल्या सगळ्यात कमजोर भागाचा धरायचा, नळीवर छापलेला नव्हे. खनिज तेलाला नायट्राइल रबराचं सील चालतं, ईपीडीएम रबराचं फुगतं. अमोनियाजवळ पितळ नको, तडकतं. आणि वाफेला किंवा दाबाच्या हवेला साधं कॅमलॉक लावू नका, कडी उघडली तर नळी सापासारखी फटकारते.

शब्दवेडी:
मग माझं वाक्य असं: "अर्धा इंची नळीचा आतला व्यास मोजा; बाहेरचे आटे असलेलं अर्धा इंची कपलिंग घेताना आट्यांचा व्यास, आटे इंचाला किती आहेत आणि ते निमुळते की सरळ, हे तपासा." बरोबर?

पान्हेवाला:
'मोजा'च्या आधी 'कापलेल्या टोकाला' घाला. निपल घालून फुगलेल्या टोकाला मोजून बसतात लोक.