गोलात बसवण्याबद्दल
शिबिरात मुलं मार्गदर्शकांशी बोलत नाहीत हे निरीक्षण पटलं. पण त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी सगळ्यांना गोलात बसवून 'मनातलं बोला' म्हणायचं? अजिबात नको. पंधरा वर्षांचा पोरगा अशा वेळी बुटाची लेस सोडतो नि पुन्हा बांधतो, बस.

माझ्या वाट्याला आलेला मुलगा सकाळपासून 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापुढे गेला नव्हता. दुपारी आम्हा दोघांना एक तंबू उभारायला दिला. मी खुंटी तंबूच्याच बाजूला कलती ठोकली. दोरी ताणताच उपटून हातात! तो खो खो हसला, हातोडी घेतली नि खुंटी तिचं डोकं बाहेर कलवून ठोकायची असते हे मलाच शिकवलं. मग गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघताच, वडिलांशी दोन महिने अबोला असल्याचं सांगून टाकलं. मी दोरी धरून उभा.

आणि हो, गट लहान ठेवा. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या, स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या पहिल्या शिबिरात वीसेकच मुलं होती, तरी त्यांचे चार गट केले होते आणि गटनायकही मुलांमधलेच. आमच्याकडे एका मार्गदर्शकामागे बारा पोरं होती तेव्हा निम्मा दिवस हजेरी घेण्यातच गेला.